हसरी चाळ आणि काकूंचा प्रश्न

पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मी दरवर्षी एकदा तरी वाचतो. वर्गात त्यातला उतारा वाचला की मुले खो खो हसतात. तरीही या पुस्तकाविषयी एक तक्रार बरीच वर्षे मनात आहे; ती आज मांडतो.

कॉलेजात असताना गिरगावातल्या काकांच्या बिऱ्हाडी मी ‘उपास’ मोठ्याने वाचला. सगळे हसले, काकू हसल्या नाहीत. “पाण्यासाठी पहाटे चारला उठणारी कोण आहे रे यात?” एवढेच त्यांनी विचारले.

पुलंच्या चाळीत माणसे भरपूर आहेत. त्यांचा उपास, त्यांचे भ्रमणमंडळ, त्यांची सांस्कृतिक चळवळ आहे. शेवटच्या ‘चिंतना’त हुरहूर आहे, पण ती शेजारधर्मासाठी. खोलीचे क्षेत्रफळ, सामाईक संडास, रात्रीचा खोकला मात्र विनोदाच्या पलीकडे राहतो. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. दहा बाय बाराच्या कोंदट खोलीत एक आजारी म्हणजे सारे घर धोक्यात. १८९६ साली मांडवीत प्लेग आला, तेव्हाच गर्दीचे हे गणित सरकारला कळले होते. १८९८ साली सुधार ट्रस्ट स्थापन झाला. तरी पुढे १९२०च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतही कुटुंबाच्या वाट्याला १६० चौरस फुटांचीच खोली आली. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडे गोठले, मालकांनी डागडुजी सोडली, आणि स्वस्त खोली सोडणे भाडेकरूला परवडेना.

जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. १९८२च्या गिरणी संपानंतरचे धुरी कुटुंब एका खोलीत कोंडलेले आहे. तिथे कुणाला एकट्याने रडायलाही कोपरा नाही. माणसे एकमेकांच्या अंगावर येतात, त्यात स्वभावाइतकाच जागेचाही दोष आहे. पवार आरोग्यावर व्याख्यान देत नाहीत, पण प्रेक्षकाचा श्वास कोंडतो.

पुलंना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. हसल्याशिवाय त्या खोल्यांत दिवस निघाले नसते. दोष आम्हा वाचकांचा. आम्ही त्या हसण्यालाच चाळीचा संपूर्ण इतिहास मानले. वरळीत बी.डी.डी. चाळींच्या जागी आता मनोरे उभे राहत आहेत. चाळीच्या गोड आठवणींना यापुढे ऊतच येईल. अशा वेळी समीक्षेने काकूंचा प्रश्न विसरू नये. मी हल्ली वर्गात ‘चाळ’ वाचून झाली की ‘अधांतर’ उघडतो. मुले हसायची थांबतात. मग मी तोच प्रश्न त्यांना विचारतो.