कान्होपात्रेचा अभंग आणि गंधर्वांची चाल



एकादशीच्या भजनात पेटीवर बसलेले बुवा "आता एक नाट्यगीत सेवेला सादर करतो" असे म्हणतात, आणि कान्होपात्रेने देह ठेवण्यापूर्वी पांडुरंगाला केलेली विनवणी भैरवीत आळवू लागतात. आमच्या वाकोल्यात हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता कोणाची मान वर होत नाही. अभंग पंधराव्या शतकातल्या संताचा, नाटक १९३१ सालचे. तरी अभंगाला ओळख मिळाली ती नाटकाची. हे कसे घडले आणि त्यात आपले काय गेले, काय आले, हे तुमच्यापुढे मांडायचे आहे.

नाटक म्हणजे 'संगीत संत कान्होपात्रा'. लेखक नारायण विनायक कुलकर्णी, संगीत मास्टर कृष्णरावांचे, आणि कान्होपात्रेच्या भूमिकेत नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीचा तो उतरता काळ होता. कंपनीवर कर्ज होते आणि त्याच १९३१ साली बोलपट सुरू झाला होता. नाटकाचा गाडा चालवायला संतचरित्र हाती घेतले, असे कोणी म्हणेल. असेलही. पोटासाठी गायलेला अभंग अभंगच राहतो, एवढे आम्हा कीर्तनकारांना तरी मान्य असावे.

चरित्र तुम्हांला ठाऊक आहे. मंगळवेढ्याच्या श्यामा गणिकेची ही मुलगी. आईचा धंदा नाकारून ती वारकऱ्यांच्या मागे पंढरीला आली. बिदरच्या बादशहाने तिला आणायला माणसे धाडली तेव्हा अखेरचे दर्शन घेऊ द्या म्हणून ती आत गेली आणि देवाच्या पायांवर प्राण सोडला. राउळाच्या दक्षिणेला तिला समाधी दिली, तिथे तरटीचे झाड उगवले. महिपतिबुवांनी 'भक्तविजया'त हे चरित्र गायिले आहे.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. तुकोबारायांच्या अभंगांना देहूकरांचा फड आहे, माउलींना आळंदी आहे, नाथांना पैठण. चाल पिढ्यान् पिढ्या विणेकऱ्याकडून टाळकऱ्याकडे उतरत आली. कान्होपात्रेला ना गुरू, ना शिष्य, ना नवऱ्याचे घराणे. तिच्या नावावरचे अभंग मोजायला बसलात तर तिशीच्या आसपास. ते गाथेत राहिले, कीर्तनात दृष्टांतापुरते आले, पण त्यांची चाल सांभाळणारे घर कुठले? माझे मत असे की ती जागा रिकामी होती म्हणूनच नाटकाची चाल तिथे येऊन बसली. परक्याने घर बळकावले अशी तक्रार करताना घरात दिवा कोण लावत होते, हेही विचारावे लागते.

शिवाय नाटकवाले आपल्याला परके कधीच नव्हते. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले तेव्हा सूत्रधार मागे उभा राहून पदे म्हणे आणि पात्रे पुढे सोंग वठवीत. हरिदासाची ती रीत थोडी बदलून घेतलेली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' आणि पुढे 'सौभद्र' आणले. त्यांत साकी, दिंडी, कामदा यांची जी रेलचेल आहे ती आख्यानाच्या ओसरीवरूनच गेली. पुढे भास्करबुवा बखल्यांच्या हाती नाटकाचे गाणे ख्यालाच्या अंगाने चढले. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव दोघेही त्यांचेच शिष्य. म्हणजे १९३१ साली अभंग रंगमंचावर गेला तो आपल्याच नात्यातल्या घरी गेला. त्या घरचा थाट मात्र फार वेगळा झाला होता.

तो थाट पाहा. आपल्याकडे वीणा, टाळ, मृदंग. तिथे ऑर्गन, सारंगी आणि तबला. गंधर्वांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष अशी माणसे बसत. चोखोबांच्या आणि माउलींच्या शब्दांना या मुसलमान वादकांची साथ लाभावी, यात विठोबाला वावगे काही वाटले नसेल. शालू, अलंकार, अत्तर यांवर ही कंपनी पाण्यासारखा पैसा ओती. जिने शृंगाराकडे पाठ फिरवली तिचे चरित्र त्या मांडवात उभे राहिले, हा विरोध मला अजून पचत नाही. पुरुषाने स्त्रीचे बोलणे बोलावे याला मात्र मी दोष देत नाही. आपल्या विराण्या आणि गौळणी कोणी रचल्या? माउलींनी, नाथांनी, तुकोबांनी. कीर्तनकार लुगडे न नेसता तेच करतो.

माझा आक्षेप आहे तो 'वन्समोअर'वर. संगीत नाटकात पद आवडले की प्रेक्षक ओरडत आणि नट पुन्हा गात. आपणही चरण दहा वेळा घोळवतो, पण तो अर्थ उकलावा म्हणून. महाराजांनी धरलेले ध्रुपद टाळकरी उचलतात आणि शेवटी अवघी सभा ते म्हणते. ऐकणारा गाणारा होतो. वन्समोअरने ऐकणारा खुर्चीतच राहतो, फक्त मागणी वाढते. मरणाच्या दारात उभी राहिलेली मुलगी देवाला हाक मारते आणि लोक म्हणतात, पुन्हा मर!

याहून मोठी गोष्ट जोहाराची. या नाटकात चोखोबांचा जोहार बालगंधर्वांनी गायिला आणि तो महाराष्ट्रभर गेला. धन्याच्या दारी उभे राहून, उष्ट्याची आस धरून केलेला तो महाराचा नमस्कार. साल आठवा. १९३० च्या मार्चमध्ये नाशिकला बाबासाहेब आंबेडकरांनी काळारामाच्या दारी सत्याग्रह सुरू केला होता. पंढरीत चोखोबांच्या जातभाईंनी महाद्वारासमोर, त्यांच्या समाधीपाशीच थांबायचे होते. ते दार उघडायला १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. म्हणजे मधली सोळा वर्षे जोहार नाटकगृहात गोड वाटत होता, आणि तो करणाऱ्याला राउळात पाऊल टाकायची मुभा नव्हती. दोष एकट्या नाटकाचा नव्हे. भजनातही तो तसाच गोड वाटत होता. पण सूर इतका मधुर झाला की शब्दातली भूक ऐकू येईनाशी होते, हे मला या गाण्यावरून जितके कळले तितके कुठल्या ग्रंथावरून कळले नाही.

आमच्या पिढीने हे नाटक गंधर्वांच्या अंगाने पाहिले नाही. ते १९६७ साली गेले, आणि त्याच्या कितीतरी आधी पायांनी अधू होऊन बसूनच भजने म्हणत होते. आम्हांला भेटले ते तबकडीतून आणि आकाशवाणीवरून. त्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. कीर्तनात दोन तास चालणारा अभंग तीन मिनिटांचा झाला, आणि पुढच्या भजनी मंडळ्यांनी तोच नमुना पाठ केला. कोकणातून मुंबईला आलेल्या मंडळींच्या भजनात, पेटी-पखवाज-चकव्यावर, हा अभंग सुमारे तेवढाच चालतो. मग गजर, मग पुढचे पद. डबलबारीत तर त्याहून घाईच. तरीही एक कबूल केले पाहिजे. त्या तबकडीत गंधर्वांचा एकेक शब्द स्वच्छ ऐकू येतो. तान कितीही नाजूक असो, अक्षर तुटत नाही. आजचे किती तरुण गायक, माईक हातात असूनही, असे उच्चार करतात?

नाटक तिथेच थांबले नाही. १९३७ साली भालजी पेंढारकरांनी याच चरित्रावर बोलपट केला. पुढे गंधर्वांच्या परंपरेतले शिलेदार कुटुंब हे नाटक जागते ठेवून होते. कीर्ती शिलेदारांनी कान्होपात्रा उभी केली. २०१८ साली आपल्या मुलुंडला ९८वे नाट्यसंमेलन भरले त्याच्या त्या अध्यक्षा होत्या. २०२२ च्या जानेवारीत गेल्या. एका बाईचे दुःख अखेर बाईच्या गळ्यात आले, हे मला या नाटकाच्या सगळ्या वाटचालीतले मोलाचे वाटते. कान्होपात्रेच्या काळी गाणारी बाई म्हणजे विकत घ्यायची वस्तू होती. गंधर्वांच्या तरुणपणीही गाणाऱ्या घरच्या बाईला नाटक कंपनीत जागा नव्हती. गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या कंपनीत आल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला! ज्यांनी तो केला ते कान्होपात्रेच्या अभंगाला डोळ्यांतून पाणी काढत असतील.

तेव्हा माउलीहो, नाटकातली चाल टाकून द्या असे मी म्हणणार नाही. भैरवी काही नाटकाच्या मालकीची नाही. पण अभंगाची ठेवण पाहा. सगळा अभंग म्हणजे देवाला नावे घेऊन मारलेल्या हाका. एकामागून एक आठ नावे येतात, मागणे एकही नाही. मागणे येते ते शेवटच्या अर्ध्या चरणात, आणि तिथेच तिची नाममुद्रा आहे. तिथे पोहोचेपर्यंत ती दमली आहे, बादशहाची माणसे दाराशी आहेत, आता नावे घ्यायलाही वेळ उरलेला नाही. आमचे गायक काय करतात? पहिल्या हाकेवर पाच मिनिटे आलापी, दुसरीवर तिहाई, आणि वेळ संपला म्हणून शेवटचा चरण धावत उरकतात. टाळ्या पडतात त्या पहिल्या ओळीला.

पुढच्या एकादशीला मंडळाच्या बुवांना एवढे सुचवून पाहा. नाट्यगीत म्हणून नाव पुकारू नका. संत कान्होपात्रेचा अभंग, चाल नाटकातली, असे म्हणा. आलाप हवा तर मधल्या नावांवर घ्या, पण आवरता घ्या. आणि शेवटच्या चरणाला मृदंग्याने हात थांबवावा, पेटीने नुसता षड्ज धरावा, आणि तिचे नाव सगळ्या टाळकऱ्यांनी मिळून घ्यावे.