साध्या कापडाचा जिल्हा

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराची माहिती टिपून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पुस्तिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर असल्याचे म्हटले आहे. तिथला माल आडवाटांनी गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाई. मालात साधे कापड पुष्कळ असे आणि मलमलही तऱ्हेतऱ्हेची असे. हे तगर म्हणजे धाराशिवजवळचे तेर, हे जॉन फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. त्याआधी विद्वान मंडळी तगर शोधत देवगिरीपासून जुन्नरपर्यंत फिरून आली होती.

तेरचा गौरव करणाऱ्यांनी या यादीतली मलमल तेवढी उचलली. साधे कापड, आणि तेही ‘पुष्कळ’, हे मात्र कुणाच्या भाषणात येत नाही. माझ्या मते या जिल्ह्याच्या वस्त्रकलेची गोष्ट त्या दुर्लक्षित नोंदीत आहे. इथल्या हातांनी राजाच्या दरबारासाठी कमी आणि शेतावर, बाजारात, देवळात वापरायचे कापड जास्त केले. त्या कापडाकडे बघायची नजर आपल्या समीक्षेने कमावलीच नाही. मराठवाड्यातल्या वस्त्रांवरचा कुठलाही लेख उघडा, पैठणी आणि हिमरू या दोन थांब्यांवर गाडी संपते. दोन्ही उत्तम आणि दोन्ही औरंगाबादकडच्या. दक्षिणेला बालाघाटाच्या डोंगररांगेत काय चालते, याची चौकशी नाही.

कापडाची एक अडचण खरी आहे, ते मागे उरत नाही. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या मूर्ती आहेत आणि १९३८ मध्ये पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी नाते सांगणारी हस्तिदंती स्त्रीप्रतिमा आहे. पण ज्या मालावर गाव पोसले, त्याची चिंधीही आपल्या काळ्या मातीने ठेवलेली नाही. इजिप्तच्या किनाऱ्यावर बेरेनिके बंदराच्या कोरड्या वाळूत मात्र भारतीय सुती कापडाचे तुकडे मिळाले. सुताच्या पिळावरून ते भारतातले ठरले, कारण इजिप्तचे सूत उलट्या पिळाचे असे. त्यांत जहाजाच्या शिडाचे जाडेभरडे कापडही आहे. ते तेरचेच, असे म्हणायला पुरावा नाही. पण भरड कापडाला सातासमुद्रापार गिऱ्हाईक होते, एवढे त्यावरून नक्की कळते.

आजचा धाराशिव विणतो कमी आणि नेसतो, पांघरतो, वाहतो जास्त. चादर सोलापूरची, ओटीचा खण मूळचा गुळेदगुड्डचा, लुगडे इरकलचे. खण आणि लुगडे दोन्ही बागलकोटकडून येतात. हैदराबाद संस्थानातला हा जिल्हा आणि इंग्रजी अमलातले सोलापूर यांच्यामध्ये सरहद्द होती. सोलापुरात १८७७ मध्ये कापडगिरणी निघाली आणि इकडच्या खेड्यांतून माणसे तिकडे कामाला जात राहिली. गिरणी तिकडे आणि कापूस व मजूर इकडे, अशी ही वाटणी झाली. आता कापूसही गेला आणि शिवारभर सोयाबीन दिसते.

इरकल जवळून पाहण्यासारखे आहे. त्याच्या अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा असतो. विणकर एका ताण्याच्या धाग्याच्या फासात दुसऱ्याचा फास अडकवतो, असे शेकडो फास एकेक करून, आणि मग पुढे विणतो. म्हणून काळ्या किंवा हिरव्या अंगातून लाल पदर एकदम सुरू होतो, रंग एकमेकांत मिसळत नाहीत. पदरावर पांढऱ्या दातेरी पट्ट्या असतात. यंत्रमागावरच्या स्वस्त नकलेत हा सांधा नसतो. लांबून ती तशीच दिसते आणि निम्म्याहून कमी पैशांत मिळते, तेव्हा नेसणारीला दोष देता येत नाही. पण उमरग्याच्या आठवडी बाजारात सत्तरीची एखादी बाई पदर उलटा करून बोटाने सांधा चाचपते, तशी परीक्षा आमच्या कलासमीक्षकांपैकी किती जण करतील, याची मला शंका आहे.

घोंगडीची अवस्था आणखी वाईट. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. ती हातचरख्यावर कातायची, खड्ड्याच्या मागावर विणायची आणि चिंचोक्याची खळ कुंच्याने चोळून ताठ करायची. पावसात अंगावर घ्यायला आणि जागरणाला अंथरायला तिच्याइतके टिकाऊ दुसरे काही नव्हते. आता मेंढी मटणासाठी पाळतात. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त पडते आणि लोकर उकिरड्यावर जाते. महोत्सवांत ‘नैसर्गिक, पर्यावरणपूरक’ अशा पाट्यांखाली घोंगडी मांडली जाते, ठीक आहे. पण लोकरीला भाव मिळवून देणारी खरेदीची व्यवस्था नसेल, तर त्या पाटीचा धनगराला काही उपयोग नाही.

कापडाचा सगळ्यात मोठा सोहळा तुळजापुरात होतो. भवानीची मूर्ती चल आहे, सिंहासनावरून हलवता येते. दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघनासाठी मूर्तीभोवती १०८ साड्यांचे दिंड गुंडाळतात आणि मग तिला पालखीत बसवतात. पालखी आणि पलंग दोन्ही दरवर्षी नगरकडून येतात. सीमोल्लंघनानंतर देवी पौर्णिमेपर्यंत त्या पलंगावर श्रमनिद्रा घेते. दिंडाच्या घड्या बघितल्या की कळते, इथे साडी शोभेपेक्षा कामाला आलेली आहे. मूर्तीला धक्का लागू नये यासाठी ती जाड थर होऊन बसते. खाली आराध्यांच्या हातातला पोत तर चिंध्या पिळून, तेलात भिजवून पेटवलेला. नव्या साडीपासून जळत्या चिंधीपर्यंत कापडाचे सगळे आयुष्य त्या एका अंगणात दिसते. यावर स्वतंत्र ग्रंथ व्हायला हवा होता. आपल्याकडे देवस्थानांवर माहितीपुस्तिका निघतात, त्यांत अलंकारांची यादी असते, वस्त्रांची नसते.

त्या अंगणात वाहिल्या जाणाऱ्या साड्या आता बहुतेक पॉलिस्टरच्या असतात. याच धाग्याने दुसरीकडेही घाव घातला आहे. राष्ट्रध्वजाची खादी पुरवणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे आणि तिचे विणकाम उदगीरला चालते. उदगीर १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत पॉलिस्टरला आणि यंत्रावरच्या कापडाला मुभा मिळाली. घरोघरी झेंडा पोचला हे खरे, पण हातमागाचे हक्काचे गिऱ्हाईकही त्याबरोबर फुटले.

नळदुर्ग-तुळजापूरच्या तांड्यांवर बंजारा बायकांची सुई अजून चालते, पण फेटिया-काचळी लग्नकार्यापुरती उरली आहे. आरसे, कवड्या आणि टाक्यांची ती भाषा कर्नाटकातल्या संडूरने ‘लंबाणी भरतकाम’ म्हणून भौगोलिक मानांकनापर्यंत नेली. आमच्या तांड्यांना असा वाली भेटलेला नाही. हा कारभाराचा दोष आहे, कलेचा नव्हे.

राहिली गोधडी. या जिल्ह्यात आज खऱ्या अर्थाने जिवंत असलेली वस्त्रकला ही एकच, असे मी म्हणेन, आणि तिला कलेचा दर्जा द्यायला फारसे कुणी तयार नसते. जुनी लुगडी, धोतरे आणि पोरांचे सदरे एकावर एक अंथरून कडेने धावदोरा घालत आत सरकायचे. टाका हाताच्या सवयीने पडतो, म्हणून एका घरातल्या दोन जावांच्या गोधड्या ओळखू येतात. एकीचा टाका बारीक आणि गच्च, दुसरीचा लांब. रंगांची जुळणी ठिगळ कुठे लागते त्यावर ठरते आणि तरी काही गोधड्यांत ती अशी काही साधते की चित्रकाराने थांबून पाहावे. पुण्यातल्या दुकानांत नव्या छापील कापडाच्या ‘डिझायनर’ गोधड्या येतात, त्यांचे टाके एकसारखे असतात आणि कोपरे काटकोनात. बचतगटाच्या बाईला त्यातून चार पैसे मिळतात, ते मिळावेत. मात्र झिजलेल्या सुताचा मऊपणा नव्या कापडात येत नाही.

घरच्या गोधडीलाही आता अडचण येते आहे. आतले थर पॉलिस्टरच्या साड्यांचे असले की ते एकमेकांवरून सरकतात, टाका ओढला की सुरकुत्या पडतात आणि घाम शोषला जात नाही. बायका त्यावर उपाय करतात. वरचे आणि खालचे पान सुती ठेवायचे, आत साड्या घालायच्या आणि कडेचे पहिले दोन-तीन टाके दुहेरी दोऱ्याने घालायचे. दोन-तीन सुती लुगडी मिळवण्यासाठी शेजारणीशी देवाणघेवाण होते, आणि सासूचे जुने इरकल कुणाच्या गोधडीत जाणार यावरून घरात वादही होतो.