हात उंचावलेली बाई

रोममधून उत्तरेकडे निघणाऱ्या विया सलारिया या प्राचीन रस्त्यावर 430 क्रमांकाचं एक दार आहे. तिथून पायऱ्या उतरल्या की प्रिसिलाची भुयारं सुरू होतात. दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून चौथ्या शतकापर्यंत रोमच्या ख्रिस्ती लोकांनी आपली माणसं इथं पुरली. वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या या वाटांची लांबी सगळी मिळून सुमारे 13 किलोमीटर भरते. त्यांतला थोडाच भाग पाहायला खुला आहे, तोही गाइडबरोबर. फोटो काढायला मनाई आहे, आणि मला ती मनाई योग्य वाटते. हातात कॅमेरा नसला की डोळ्यांना काम करावंच लागतं.

छळाच्या काळात ख्रिस्ती लोक या भुयारांत लपून राहत, ही समजूत कादंबऱ्यांनी आणि सिनेमांनी पक्की करून टाकली आहे. ती चुकीची आहे. इथं कुणी राहत नसे. रोमन कायद्यानं शहराच्या आत प्रेत पुरायला बंदी होती, त्यामुळे सगळ्याच धर्मांच्या दफनभूमी शहराबाहेरच्या रस्त्यांच्या कडेला असत. पुनरुत्थानावर श्रद्धा असलेल्या ख्रिस्ती समाजाला देह जाळायचा नव्हता, आणि जागा तर मोजकी. पण जमिनीखाली ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला तूफो हा दगड होता. खणताना तो मऊ लागतो आणि हवा लागली की कडक होतो. तेव्हा आडवं पसरण्याऐवजी खाली जायचं ठरलं. खणणाऱ्यांचा वेगळा पेशाच तयार झाला. त्यांना फोसोर म्हणत. एका पातळीवरची जागा संपली की ते आणखी खोल जात.

गल्ली जेमतेम माणूस जाईल एवढी असते. दोन्ही भिंतींत एकावर एक आडवे कोनाडे खणलेले असतात. प्रेत कापडात गुंडाळून आत ठेवायचं आणि तोंड विटांनी, कौलांनी किंवा संगमरवरी फरशीनं बंद करायचं. ज्यांना नाव कोरून घेणं परवडत नसे, ते ओल्या चुन्यात एखादं नाणं, काचेचा तुकडा किंवा लहानशी दिवटी दाबून ठेवत, म्हणजे पुढच्या वेळी आपला कोनाडा ओळखता यावा. चालता चालता मधेच हातभर लांबीचे कोनाडे दिसतात. ते लहान मुलांचे आहेत, आणि ते पुष्कळ आहेत. बरेच गट इथून भरभर पुढे जातात. माझं म्हणणं आहे की या कोनाड्यांपाशी थोडं थांबल्याशिवाय पुढची चित्रं कळतच नाहीत. ती चित्रं कुणासाठी काढली, ते इथं समजतं.

ऐपत असलेली कुटुंबं गल्लीच्या बाजूला स्वतंत्र खोली खणून घेत. प्रिसिलातली अशी एक खोली तिच्यातल्या चित्रामुळे ‘वेलाता’ची, म्हणजे डोईवर पदर घेतलेल्या बाईची, म्हणून ओळखली जाते. चित्र तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातलं आहे. समोरच्या भिंतीवर अर्धवर्तुळाकार जागा आहे आणि तिच्यात मधोमध ती उभी आहे. अंगात गडद तांबडा, सैल झगा, डोक्यावर फिकं वस्त्र, दोन्ही हात कोपरांत वाकवून वर उचललेले, तळवे उघडे. प्राचीन काळी प्रार्थना अशीच करत. पण खरी ताकद आहे ती डोळ्यांत. चित्रकारानं ते चेहऱ्याच्या मानानं मोठे काढले आहेत आणि बुबुळं वरच्या बाजूला सरकवली आहेत. त्यामुळे ती आपल्याकडे तोंड करून उभी असूनही आपल्याकडे पाहत नाही. समोरच्या माणसाला ओलांडून जाणारी अशी नजर मोजक्या फटकाऱ्यांत साधणं हे मोठ्या हाताचं काम आहे.

तिच्या दोन्ही बाजूंना लहान आकारात दोन प्रसंग आहेत. डावीकडे खुर्चीवर बसलेला एक वयस्कर पुरुष, त्याच्यासमोर हातात गुंडाळी घेतलेली तरुणी आणि मागे एक तरुण. उजवीकडे बाळाला जवळ घेऊन बसलेली आई. परंपरेनं डावीकडचा प्रसंग लग्नाचा मानला जातो. काहींना त्यात शिक्षण दिसतं, काहींना दीक्षा. स्त्रियांना धर्मगुरूपद मिळत होतं याचा पुरावाही काही जणांनी त्यात शोधला आहे. मला लग्नाचाच अर्थ पटतो, कारण मग तिन्ही आकृती एकाच बाईच्या ठरतात: नवरी, आई आणि मृत्यूनंतर देवापुढे उभी असलेली ती. आकारांचा हिशोबही त्यानं लागतो. संसारातले प्रसंग लहान झाले आहेत, जणू मागे राहिले आहेत, आणि तिचं आजचं रूप सगळी भिंत व्यापून आहे. एका बाईचा अख्खा जन्म एवढ्याशा जागेत मावला आहे आणि कुठंही दाटी झालेली नाही.

आता मान वर करून छत पाहा. मध्यभागी वर्तुळात मेंढपाळ आहे, सभोवती मोर आणि इतर पक्षी. खांद्यावर जनावर घेतलेला हा तरुण ख्रिस्ती चित्रकारांनी नव्यानं निर्माण केलेला नाही. ग्रीक-रोमन कलेत तो आधीपासून होता. रोमन घरांच्या भिंती रंगवणाऱ्या कारागिरांच्या हातात तो मुरलेला होता, आणि त्याच हातांनी इथं पांढऱ्या गिलाव्यावर तो उतरवला. पण एक गोष्ट नीट निरखून पाहा. त्याच्या खांद्यावर मेंढरू नसून शेरडू आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे उभी केली जातात, हे ज्यांना आठवतं त्यांना या निवडीचं मोल कळेल. हरवलेल्यांतलं सर्वांत नकोसं जनावर त्यानं उचलून घेतलं आहे. चित्रकारानं हे जाणूनबुजून केलं असं मी मानतो.

बाजूच्या भिंतींवर आगीच्या भट्टीतले तीन तरुण आहेत, अब्राहाम आणि इसहाक आहेत, आणखी एका जागी माशाच्या पोटातून बाहेर आलेला योना आहे. या सगळ्या सुटकेच्या कथा आहेत. क्रूस कुठंच नाही, रडणारं माणूस नाही, तिरडी नाही. मृत्यूच्या घरात मृत्यूचं एकही चित्र नाही. ख्रिस्ती कलेनं पुढच्या शतकांत वेदनेचं फार थोर चित्रण केलं, पण तिची सुरुवात अशी निर्भय, हलक्या हाताच्या रेषांनी झाली. माझ्या दृष्टीनं या भुयारांचं सगळ्यात मोठं वैभव हेच.

फेरीत पुढे तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातलं मरीया आणि बाळाचं लहानसं चित्र दाखवतात. मरीयेचं सर्वांत जुनं चित्र म्हणून ते गाजलं आहे. ताऱ्याकडे बोट दाखवणारा संदेष्टा शेजारी उभा आहे. बाळ आईकडून मान वळवून बाहेर पाहतं, ती वळलेली मान अवश्य बघा. मग ग्रीक चॅपेल नावाची खोली. तिथं कमानीवर सात माणसं पंगतीला बसली आहेत आणि एकानं भाकर मोडण्यासाठी हात पुढे केले आहेत.

बहुतेक प्रवासी आपिया रस्त्यावरच्या कालिस्तुसच्या भुयारांत जातात. तिसऱ्या शतकातल्या नऊ पोपांच्या दफनाचं दालन तिथं आहे. जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी या पुरातत्त्वज्ञानं ते 1854 मध्ये शोधून काढलं. इतिहासासाठी ते जरूर पाहावं. पण चित्रांसाठी रोममध्ये एकच भुयार निवडायचं झालं, तर मी प्रिसिलाच सुचवेन. फेरी साधारण अर्ध्यापाऊण तासाची असते. पदर घेतलेल्या बाईच्या खोलीत पोहोचलात की गटात मागे राहा आणि गाइडकडून दोन मिनिटं जास्त मागून घ्या.