पनवेल, सांगोला आणि तौलनिक अभ्यासातील पुराव्याचा प्रश्न

रायगड जिल्ह्यातील शेतकरी कामगार पक्षाच्या दीर्घ प्रभावाचे एक स्पष्टीकरण सर्वपरिचित आहे. नवी मुंबईसाठी सिडकोने जमिनी संपादित केल्या, भूमिपुत्र संघटित झाले, जानेवारी १९८४ मधील जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले आणि या संघर्षातून पक्षाचा बालेकिल्ला उभा राहिला. ही उपपत्ती सुबोध आहे. परंतु कालक्रमाच्या पहिल्याच कसोटीवर ती अडखळते. दि. बा. पाटील १९५७ मध्येच पनवेलमधून विधानसभेवर निवडून आले होते. सिडकोची स्थापना १९७० ची. भूसंपादनाने जनाधार टिकवला असे म्हणता येईल, निर्माण केला असे नव्हे. त्याच्या उगमासाठी खोत-कूळ संबंधांकडे आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये सुरू झालेल्या चरीच्या संपाकडेच वळावे लागते.

चल अनेक आणि उदाहरणे थोडी, ही तौलनिक पद्धतीची मूळ अडचण आरेंड लाइपहार्ट यांनी १९७१ मध्ये मांडली. केवळ रायगड पाहणाऱ्या अभ्यासकास ती जाणवतच नाही. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला शेजारी ठेवला की चित्र बदलते. तेथे सिडको नाही, महानगराचा विस्तार नाही; तालुका दुष्काळी. तरीही याच पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ ते २०१४ या काळात तेथून अकरा वेळा विजयी झाले. अर्थात भूसंपादन ही आवश्यक अट ठरत नाही. सांगोल्याचे श्रेय व्यक्तिमत्त्वाला देऊन मोकळे होण्याचा मोह मात्र टाळावा; जे कोठेही लागू करता येते, ते काहीच स्पष्ट करीत नाही.

ऱ्हासाच्या विवेचनातही हीच घाई दिसते. २००४ मध्ये पक्षाचे विवेक पाटील पनवेलमधून विजयी झाले. २००९ मध्ये ही जागा काँग्रेसकडे गेली. नागरीकरणाने पक्ष संपवला, हा निष्कर्ष मग आपोआप येतो. प्रत्यक्षात मधल्या काळात मतदारसंघांची पुनर्रचना होऊन उरण स्वतंत्र झाला होता आणि २००९ मध्ये विवेक पाटीलच तेथून निवडून आले. दोन निवडणुकांतील ‘पनवेल’ हे एकच एकक नव्हे. २०१४ मध्ये उरणही पक्षाच्या हातून गेले, त्यामुळे नागरीकरणाचे गृहीतक फेटाळण्याचेही कारण नाही. त्याची तपासणी मतदान केंद्रांच्या पातळीवर करावी लागेल : एकीकडे जुनी गावठाणे, दुसरीकडे खारघर, कामोठे, कळंबोली येथील सिडकोच्या वसाहती.