वेरूळची माणिकावती : एका आख्यायिकेचें परीक्षण

वेरूळच्या कैलास लेण्याविषयीं कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त एक आख्यायिका आली आहे. लेणें कोणीं खोदविलें, एवढ्या एकाच प्रश्नापुरती ती बहुधा तपासली जाते आणि त्या प्रश्नास उपयोगी नाहीं असें दिसतांच बाजूस ठेविली जाते. आमच्या मतें तिचें खरें मोल निराळें आहे.

कथा अशी. अलजपूरचा राजा एलु दुर्धर व्याधीनें पीडित होता. राजा बरा झाल्यास शिवालय उभारूं, असा नवस त्याची राणी माणिकावती हिनें घृष्णेश्वरास केला. तीर्थांत स्नान करून राजा व्याधिमुक्त झाला. तेव्हां देवालयाचें शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घ्यावयाचें नाहीं, असा राणीनें नेम धरिला. इतक्या अल्प अवधींत शिखर दाखवील असा स्थपति मिळेना. अखेर पैठणचा कोकस पुढें आला. त्यानें पायापासून न बांधतां डोंगर माथ्याकडून खोदावयास घेतला. आठवड्याच्या आंत शिखर दिसूं लागलें, राणीचा उपवास सुटला, आणि देवालयास माणिकेश्वर हें नांव मिळालें.

आतां लेखी पुरावा पाहूं. कर्कराज सुवर्णवर्षाच्या इ. स. ८१२ च्या बडोदें ताम्रपटांत एलापूरच्या देवालयाचें श्रेय राष्ट्रकूट कृष्णराजास दिलें आहे. त्यांत राणीचा उल्लेख नाहीं. 'कथाकल्पतरू' तर कृष्णराजानंतर सुमारें सातशें वर्षांनीं रचलेला ग्रंथ. तेव्हां माणिकावतीस राष्ट्रकूटांच्या वंशावळींत बसविण्याचा मोह टाळणेंच योग्य. तथापि लेणें वरून खालीं खोदलें आहे, ही गोष्ट कथेस बिनचूक ठाऊक आहे; आणि त्या शिल्पक्रियेचें कारण म्हणून कथाकारानें योजली ती एका स्त्रीची भूक. ही निवड आठव्या शतकाविषयीं कांहीं सांगत नसली, तरी कथा सांगणाऱ्या व ऐकणाऱ्या समाजाविषयीं पुष्कळ सांगते.

त्या समाजाच्या कल्पनेंत स्त्री डोंगर फोडवूं शकते. पण तिचें साधन एकच, आपला देह कष्टविणें. आज्ञा राजाची, द्रव्य राजाचें, कसब कोकसाचें. तिचा हेतूही पतीच्या आरोग्यापलीकडे जात नाहीं. याच क्षेत्राची दुसरी कथा शिवपुराणांत आहे. निपुत्रिक सुदेहा आपल्या बहिणीस, घुष्मेस, स्वतःच सवत करून आणते. पुढें मत्सरानें तिच्या मुलाचा वध करते. घुष्मा मात्र पार्थिवलिंगांची पूजा न सोडतां सुदेहेस क्षमा मागते. देवास तिचें नांव मिळालें. परंतु अपत्य नाहीं म्हणून आपल्या हातानें सवत आणण्याची पाळी सुदेहेवर कां आली, हा प्रश्न कथा विचारीत नाहीं. सोसणारीस देवत्वाचा वांटा आणि न सोसणारीस अपकीर्ति, असा हा निवाडा आहे.

व्रताची ही परंपरा स्त्रीला बांधणारी होती, आणि तिला घराबाहेर नांव मिळवून देणारी वाटही बहुधा तीच होती. ही वाट द्रव्याशीं जुळली म्हणजे काय घडतें, याचें प्रत्यंतर वेरूळासच आहे. अठराव्या शतकांत घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनीं केला. इ. स. १७३४ मध्यें मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांस सुमारें तीन लक्ष रुपये उत्पन्नाची स्वतंत्र खासगी मिळाली होती. गौतमाबाईंच्या पश्चात् ती अहिल्याबाईंकडे आली, आणि त्यांच्या धर्मकार्यास तिचा मोठा आधार झाला. माणिकावतीस राजाकडे मागावें लागलें. अहिल्याबाईंस मागावें लागलें नाहीं. भक्ति दोघींची सारखी मानली, तरी मधला भेद खासगीचा आहे.

हें आपल्याच देशापुरतें नव्हे. तुर्कस्तानच्या सुलतान सुलेमानाची पत्नी हुर्रेम हिनें इ. स. १५५२ च्या सुमारास यरुशलेम येथें अन्नछत्र उभारलें, तें वक्फाच्या आधारें. धर्म निराळा, देश निराळा; पण धर्मकार्याच्या निमित्तानें स्त्रीस द्रव्य वेंचण्याचा अधिकार आणि दगडावर नांव, हा क्रम तोच.

मात्र खासगी हातीं आली म्हणजे रूढि सुटली, असें समजूं नये. इ. स. १७५४ मध्यें कुंभेरीस खंडेराव पडले, तेव्हां सती जाण्यास निघालेल्या अहिल्याबाईंस सासऱ्यांनीं थांबविलें. इ. स. १७९१ मध्यें मात्र त्यांची कन्या मुक्ताबाई यशवंतराव फणशांमागें सती गेली. राज्य चालविणाऱ्या आईस तिला थांबवितां आलें नाहीं.

म्हणून संग्राहकांस एवढीच विनंती. सनदा व करीने जपतांना व्रतकथांचीं बाडें आणि स्त्रियांच्या दानखर्चाचे कागद किरकोळ म्हणून वेगळे काढूं नयेत. पोथीच्या पुष्पिकेंत ती कोणासाठीं लिहिली हें असल्यास सूचींत अवश्य नोंदवावें. तेथें एखाद्या बाईचें नांव असेल, तर तिच्याविषयीं उरलेला लेखी पुरावा कदाचित् तेवढाच असेल.