‘स्थितिस्थापकता’ आणि ‘लवचिकता’ : एका उपमेची चिकित्सा

इंग्रजी भाषा ज्या एकाच शब्दाने पदार्थविज्ञानातील व अर्थशास्त्रातील दोन मूलभूत संकल्पना व्यक्त करते, त्याच्यासाठी मराठीने दोन शब्द योजले आहेत. पदार्थविज्ञानात आपण ‘स्थितिस्थापकता’ म्हणतो, अर्थशास्त्रात ‘लवचिकता’. हिंदीतही पहिलीस ‘प्रत्यास्थता’ व दुसरीस ‘लोच’ अशी निरनिराळी नावे आहेत. एका कल्पनेला दोन नावे असणे हा परिभाषेचा दोष आहे, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. शब्द दोन आहेत हे योग्यच आहे. दोष आहे तो अध्यापनात रूढ झालेल्या एका उपमेचा. ती उपमा रबराची.

मागणीची लवचिकता शिकविताना अध्यापक बहुधा रबरापासून आरंभ करतात. रबर ताणले की लांबते, काठी ताणली तरी लांबत नाही. तद्वत काही वस्तूंची मागणी किंमत बदलताच पुष्कळ बदलते, काहींची फारशी बदलत नाही. उपमा सुबोध आहे आणि तेवढ्यापुरती खरीही आहे. परंतु ती तीन ठिकाणी विद्यार्थ्याला चुकीच्या वाटेने नेते.

पहिले स्थळ गुणोत्तराचे. रॉबर्ट हूकने 1678 साली मांडलेल्या नियमाप्रमाणे, विशिष्ट मर्यादेच्या आत, पदार्थाचे ताणले जाणे त्यावर लावलेल्या प्रेरणेच्या प्रमाणात असते. त्यावरून येणारा यंगचा गुणांक म्हणजे प्रतिबल भागिले विकृती, अर्थात कारण भागिले परिणाम. म्हणून पोलादाचा गुणांक रबराच्या गुणांकाहून हजारो पटींनी मोठा येतो आणि पदार्थविज्ञानाचा अध्यापक ‘पोलाद रबरापेक्षा अधिक स्थितिस्थापक आहे’ असे सांगतो. आल्फ्रेड मार्शलने 1890 च्या आपल्या ग्रंथात रूढ केलेली मागणीची लवचिकता मात्र मागणीतील शेकडा बदल भागिले किंमतीतील शेकडा बदल अशी, म्हणजे परिणाम भागिले कारण अशी आहे. दोन्ही शास्त्रांत अंश आणि छेद यांची अदलाबदल झाली आहे. एकीकडे मोठा आकडा न लवणारा पदार्थ दाखवितो, दुसरीकडे पुष्कळ लवणारी मागणी. शिवाय पहिला गुणांक एककांत सांगावा लागतो, दुसरा निव्वळ संख्या आहे.

दुसरे स्थळ सरळ रेषेचे. हूकच्या नियमाचा आलेख सरळ रेषा असतो आणि तिच्यावर गुणांक सर्वत्र एकच राहतो. ही सवय घेऊन आलेला विद्यार्थी मागणीची सरळ रेषा पाहून तिच्यावरही लवचिकता एकच असणार असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्या रेषेच्या वरच्या टोकाला लवचिकता अनंत, मध्यबिंदूवर एक आणि खालच्या टोकाला शून्य असते. रेषेचा उतार आणि लवचिकता या भिन्न गोष्टी आहेत, हे उत्तरपत्रिकांतून पुनःपुन्हा निसटणारे सत्य रबराच्या उपमेत कोठेच बसत नाही.

तिसरे स्थळ सर्वांत महत्त्वाचे. ‘स्थितिस्थापकता’ या शब्दाचा प्राण पूर्वस्थितीला परत येण्यात आहे. प्रेरणा काढून घेतल्यावर पदार्थ मूळ आकार धारण करतो की नाही, हा तेथील मुख्य प्रश्न होय. मार्शलच्या व्याख्येत परतण्याचा उल्लेखच नाही. ती केवळ प्रतिसादाचे माप आहे. ‘लवचिकता’ हा शब्द लवण्यापुरतेच बोलतो, परतीविषयी मौन पाळतो. या दृष्टीने मराठी परिभाषा इंग्रजीपेक्षा अधिक नेमकी आहे, असे म्हणणे वावगे होणार नाही.

ही चर्चा केवळ शब्दच्छल नव्हे, हे पाहण्यासाठी नाशिक जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. निफाड तालुक्यातील लासलगावची बाजार समिती 1947 सालची. कांद्याच्या व्यापारात देशभर तिच्या भावाकडे लक्ष असते. या परिसरातील विद्यार्थ्याला ‘कांद्याची मागणी लवचिक की अलवचिक?’ असे विचारले, तर तो ‘लवचिक’ असे उत्तर देण्याचा संभव मोठा आहे, कारण त्याच्या डोळ्यांसमोर भाव सतत खालीवर होत असतो. त्याने भावाचे हेलकावे मागणीच्या पदरात टाकले. वस्तुतः भाव इतका हेलकावतो तो मागणी लवत नाही म्हणूनच. भाजी-आमटीला लागणारा कांदा भाव दुप्पट झाला म्हणून निम्मा होत नाही आणि निम्मा झाला म्हणून दुपटीने खाल्ला जात नाही.

येथे उपमा हवीच असेल तर ती रबराची नव्हे, पोलादी तारेची घ्यावी आणि प्रश्नही उलटा मांडावा. पीक निघून बाजारात आले की आवक ठरून गेलेली असते. तेवढा माल मागणीने सामावून घ्यावा यासाठी भावाला किती हलावे लागेल, हा प्रश्न आहे. पोलादी तार थोडीशी लांबविण्यासही प्रचंड ओढ लागते. तसेच अलवचिक मागणीत थोडा जादा माल रिचविण्यासही भाव पुष्कळ पाडावा लागतो. समजा, ही लवचिकता 0.4 आहे. आवक 10 टक्क्यांनी वाढली तर भाव सुमारे 25 टक्क्यांनी उतरेल. पूर्वी 100 रुपये मिळत होते तेथे आता 110 गुणिले 0.75, म्हणजे 82.5 रुपये मिळतील. पीक चांगले आले आणि उत्पन्न घटले, हा शेतकऱ्याच्या घरचा अनुभव या एका भागाकारात सामावलेला आहे. धान्याची तूट व भाववाढ यांचे असेच विषम प्रमाण ग्रेगरी किंगच्या नावाने ओळखले जाते. चार्ल्स डॅव्हनंटने ते 1699 साली प्रसिद्ध केले होते.

निर्यातीचा प्रश्नही याच दृष्टीने शिकविता येतो. परदेशी ग्राहकाला पाकिस्तान, चीन, इजिप्त यांचा कांदा घेता येतो, म्हणून आपल्या कांद्याची परदेशी मागणी पुष्कळ लवचिक असते. समजा, विक्रीचा चार-पंचमांश भाग देशी आहे आणि त्याची लवचिकता 0.4, एक-पंचमांश परदेशी आहे आणि त्याची 3. दोहोंची भारित सरासरी 0.92 येते. आता त्याच 10 टक्के वाढीव आवकेने भाव सुमारे 11 टक्केच उतरेल. हे आकडे केवळ उदाहरणार्थ घेतले आहेत, परंतु त्यांतील तत्त्व काल्पनिक नाही. परदेशी मागणीचा लवणारा भाग तोडला की उरते ती न लवणारी मागणी. शिवाय अडलेला मालही तिच्यावरच येऊन पडतो.

केंद्र शासनाने ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावले आणि त्याच वर्षी 8 डिसेंबरपासून निर्यातबंदी लागू केली. 4 मे 2024 रोजी बंदी उठली, पण किमान निर्यातमूल्य व शुल्क राहिले. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्याची अट जाऊन शुल्क 20 टक्क्यांवर आले आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही रद्द झाले. शहरी ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु या उपायाचा भार उत्पादकावर इतका का पडतो, हे केवळ भावनेच्या भाषेत न सांगता मोजून सांगता येते. आणि ते सांगण्याचे साधन म्हणजेच ही संकल्पना.

शुल्क रद्द झाल्यावर मात्र असा प्रश्न उभा राहतो, ज्याला ‘लवचिकता’ या शब्दात उत्तर नाही. मधल्या काळात दुसऱ्या देशाकडे वळलेला ग्राहक परत येतो का? पदार्थविज्ञानात स्थितिस्थापक मर्यादा ओलांडल्यावर तारेत कायमची विकृती राहते; ओढ काढली तरी ती पूर्वीच्या लांबीला येत नाही. बाजारालाही अशी मर्यादा असते काय, हा खरा अर्थशास्त्रीय प्रश्न आहे आणि तो विचारण्यास योग्य शब्द आपल्याजवळ आहे, तो ‘स्थितिस्थापकता’ हाच. मागणी किती लवली, हे एक मोजमाप. ती परतली का, हे दुसरे. इंग्रजी विद्यार्थ्याला या दोहोंतील भेद लांबलचक स्पष्टीकरणाने करावा लागतो, मराठी विद्यार्थ्याला तो शब्दांनीच करून दिलेला आहे.

मग अडचण कोठे आहे? ती शाखांच्या भिंतीत आहे. विज्ञानाचे उच्च अध्यापन प्रायः इंग्रजीत होते, अर्थशास्त्राचे पुष्कळसे मराठीत. परिणामी ‘स्थितिस्थापकता’ हा शब्द शालेय पुस्तकात मागे राहतो आणि ‘लवचिकता’ शिकणाऱ्याला तो पुन्हा भेटत नाही. नाशिक येथेच 1989 पासून कार्य करणाऱ्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या संस्थेचा विद्यार्थी तर बहुतांशी एकट्याने पुस्तक वाचून शिकतो. पुस्तकातील उपमा फसवी निघाली तर ती सुधारावयास त्याच्याजवळ सदैव अध्यापक नसतो. म्हणून पाठ्यलेखकाची जबाबदारी येथे अधिक आहे.

यास्तव तीन सूचना कराव्याशा वाटतात. लवचिकतेच्या पाठात व्याख्येबरोबरच अंश कोणता व छेद कोणता हे यंगच्या गुणांकाशेजारी ठेवून दाखवावे. उतार आणि लवचिकता यांतील भेद एकाच सरळ रेषेवरील तीन बिंदूंवर हिशेब करवून घेऊन पक्का करावा. आणि उदाहरणे विद्यार्थ्याच्या परिसरातील आवक व भाव यांची द्यावीत. चहा-कॉफीच्या ठरीव जोडीवर समाधान मानू नये. ज्याच्या घरी कांद्याची चाळ आहे, त्याला साठवणुकीमुळे पुरवठ्यात थोडी लवचिकता कशी येते आणि उन्हाळी कांदा टिकतो तसा खरिपाचा टिकत नसल्याने ती कशी आटते, हे निराळे सांगावे लागणार नाही. त्याला फक्त आपल्या जाणिवेचे माप हवे आहे, आणि ते त्याच्या हाती अचूक पडेल एवढे पाहणे हे अध्यापकाचे काम होय.