दुसऱ्या आसनावरचा माणूस

लंडनमध्ये १९२९ साली उड्डाणाचा पेशा करणाऱ्यांनी स्वतःची एक गिल्ड स्थापन केली. नाव ठेवले ‘गिल्ड ऑफ एअर पायलट्स अँड एअर नॅव्हिगेटर्स’. तिचे पहिले मास्टर, म्हणजे प्रमुख, सर सेफ्टन ब्रँकर. या गिल्डची उद्दिष्टे अर्ध्या पानात मावतात. संस्थेची घटना सहसा कोणी रसाने वाचत नाही; ती वार्षिक सभेपुरती कपाटातून बाहेर येते. हे अर्धे पान मात्र थांबत थांबत वाचावे असे आहे, आणि सुरुवात नावापासूनच करावी.

नावात दोन माणसे आहेत: विमान चालवणारा आणि वाट काढणारा. त्या काळी टाळ्या पहिल्याला मिळत. गिल्डने दोघांना एकाच ओळीत बसवले. उपप्रमुख स्क्वाड्रन लीडर ई. एल. जॉन्स्टन स्वतःच नॅव्हिगेटर, तेव्हा त्यांचे कारण उघड आहे. ब्रँकर यांचे कारण मला आपल्या मराठवाड्यात सापडते. जानेवारी १९११ मध्ये औरंगाबाद परिसरात घोडदळाचा युद्धसराव चालू होता. तिथे ब्रिस्टल कंपनीचे ‘बॉक्सकाइट’ विमान आणले होते. चालवायला ज्युलरो हा फ्रेंच वैमानिक, आणि सोबत निरीक्षक म्हणून तोफखान्यातला कॅप्टन ब्रँकर. माळावर घोडदळ कुठे आहे ते वरून पाहायचे, ध्यानात ठेवायचे, खाली येऊन सांगायचे, हे त्याचे काम. म्हणजे आकाशाची ओळख त्याला झाली ती दुसऱ्या आसनावरून. गिल्डची उद्दिष्टे वाचताना त्या आसनावरची नजर मला जागोजागी जाणवते. २०१४ मध्ये संस्थेचे नाव ‘ऑनरेबल कंपनी ऑफ एअर पायलट्स’ झाले आणि नॅव्हिगेटर नावातून गेला. कॉकपिटमधून तो आधीच गेला होता, हे खरे. तरी मला त्याची रुखरुख वाटते.

आज वाचायला मिळते त्या रूपात पहिले उद्दिष्ट असे: वैमानिकांमध्ये उत्तम उड्डाणकौशल्य रुजवून हवाई सुरक्षेची सर्वोच्च पातळी गाठणे आणि टिकवणे. ‘रुजवून’ या क्रियेत सगळा जीव आहे. सुरक्षा हुकमाने येईल असे इथे म्हटलेले नाही. ती एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायची आहे. पुढची उद्दिष्टे याच धाग्याने येतात: लायसन्स, प्रशिक्षण आणि कायदे ज्यांच्या हाती आहेत त्यांच्याशी संपर्क ठेवणे, सल्ल्यासाठी अनुभवी लोकांचा संच उभा करणे आणि माहितीची देवघेव सोपी करणे, पेशाची प्रतिष्ठा वाढवणे, अडचणीतल्या वैमानिकांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना मदत करणे. पगाराचा उल्लेख नाही. ते काम कामगार संघटनेचे. प्रवाशाचा जीव आधी आणि पेशाचा मान मागून, हा क्रम मला या मजकुराचा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

मी हे सह्याद्रीतल्या विंझर गावात बसून वाचतो, म्हणून पहिले उद्दिष्ट मला जास्त भिडत असेल. वेल्ह्याच्या वाटेला लागले की समोर तोरणा उभा, १४०३ मीटर उंच. पावसाळ्यात तो दिवसच्या दिवस ढगात असतो. वरून विमानाचा आवाज येतो, विमान दिसत नाही. त्या वैमानिकाच्या लेखी तोरणा म्हणजे नकाशावरचा एक आकडा. त्या आकड्याचा मान राखला गेला नाही तर काय होते, ते याच सह्याद्रीने पाहिले आहे. ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, बँकॉकहून मुंबईला येणारे अलितालियाचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. ९४ माणसे होती. एकही वाचले नाही. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत असे वैमानिकाला वाटले आणि विमान वेळेआधीच खाली आले. चूक वाटेच्या हिशोबात होती.

त्याच जुन्नरच्या लेण्यांत धान्यविक्रेत्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे, म्हणजे त्या काळच्या गिल्डांचे, उल्लेख कोरलेले आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यात तर उषवदात नावाच्या दात्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण नाण्यांची ठेव ठेवल्याचे नमूद आहे: एकीकडे २०००, दुसरीकडे १०००, आणि पहिल्या ठेवीच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रे. देणारा गेल्यावरही श्रेणी शब्द पाळेल, हा विश्वास त्या दगडात आहे. गिल्डचे मदतीचे उद्दिष्ट मी या शिलालेखाशेजारी ठेवून वाचतो.

प्रतिष्ठेच्या उद्दिष्टाशी मात्र मी अडखळतो. कोणाची प्रतिष्ठा? मुंबईत १९६०च्या दशकात चंदा सावंत-बुधभट्टी यांच्या पुढाकाराने भारतीय महिला वैमानिकांची संघटना उभी राहिली, कारण काहींना आधी आसनच मिळवायचे होते. नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कोलकाता ते सिलचर फोकर फ्रेंडशिप विमान नेले, तेव्हा या पेशाचा मान कितीतरी वाढला. गिल्डच्या त्या वाक्यात एवढी जागा नाही. नव्याने कुठल्याही वैमानिक-संघाची धुरा घेणाऱ्याने ती करावी, असे मला मनापासून वाटते.

ब्रँकर यांना गिल्डसाठी वर्षभरच मिळाले. ५ ऑक्टोबर १९३० रोजी ‘आर-१०१’ हे हवाई जहाज फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून जळाले. ते निघाले होते कराचीला, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात. ५४ पैकी ४८ जण गेले. त्यांत ब्रँकर होते आणि जहाजाचे नॅव्हिगेटर जॉन्स्टनही.

गिल्डने जॉन्स्टन यांच्या नावाने नॅव्हिगेशनसाठी चषक ठेवला. पहिला मान मिळाला फ्रान्सिस चिचेस्टर यांना. १९३१ मध्ये त्यांनी छोट्या जिप्सी मॉथमधून एकट्याने टास्मान समुद्र ओलांडला होता. एका हाताने विमान सांभाळत ते सेक्स्टंट या कोनमापकाने सूर्याची उंची मोजत. नॉरफोक बेटाकडे जाताना त्यांनी रोख मुद्दाम बेटाच्या एका बाजूला ठेवला. मग बेट दिसले नाही तरी कोणत्या बाजूला वळायचे याची शंकाच उरत नाही. सूर्याच्या मोजमापावरून ठरलेल्या वेळी वळायचे आणि त्या रेषेवरून बेट गाठायचे. आपला हिशोब थोडा चुकणारच, हे गृहीत धरून आखलेली ही वाट आहे. जॉन्स्टन यांच्या नावाच्या चषकासाठी गिल्डला याहून योग्य माणूस निवडता आला नसता.